वायुमहालाची घंटा

एका राज्यात राजाचा श्वास त्याच्या छातीत नव्हता, वायुमहालात होता. महालाला हजार दालने, आणि भिंती कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ. त्या लिंपणाऱ्या बायकांत गोजरा वयाने सर्वांत लहान, जिभेने सर्वांत तिखट. रीत अशी, की भिंतीला तडा गेला तर लिंपणारीने घंटा वाजवायची. आणि घंटा वाजे तोवर सेनापती भैरोजीने अग्निखड्गांचे सैन्य आत पाठवत राहायचे.

एके दिवशी महालात धूम्रासुर शिरला. सैन्याने त्याला पहिल्याच प्रहरी जाळले. मरताना तो हसला. "हा महाल तुमचेच रक्षक पाडतील!"

शत्रू मेला, तरी खड्गे फिरतच राहिली. भिंती फाटल्या, खंदकाचे पाणी दालनांत चढू लागले. सिंहासनावर राजाचे ओठ निळे पडले. दालनादालनांत बायका घंटा वाजवत होत्या; गोजराही जिवाच्या आकांताने आपली घंटा बडवत होती.

घंटेवर एक साळुंकी येऊन बसली. "कुणाला बोलावतेस?"

"सैन्याला! भिंत फुटली!"

"फोडली कुणी?"

तेवढ्यात एका सैनिकाचे खड्ग भिंतीतून आरपार गेले. गोजराचा हात थबकला.

"तीन कामे कर," साळुंकी म्हणाली. "घंटा सोड. खड्गे विझव. भिंत सांध. राजापाशी घटकाभराचाच श्वास आहे."

गोजराने दोर सोडला.

"अगं, रीत मोडतेस!" बायका ओरडल्या.

"मग रीत सांभाळून राजा मारू? सोडा दोर!"

एकेक घंटा गप्प झाली. भैरोजी धावत आला. "घंटा कुणी थांबवली?"

"मी. शत्रू कुठे आहे ते दाखवा, सेनापती, पुन्हा वाजवते."

भैरोजीने चहूकडे पाहिले. सगळे त्याचेच लोक होते. ती खड्गे पाण्याने विझत नसत; सेनापतीने गिळली तरच विझत. तो खाली बसला आणि एकेक जळते खड्ग गिळू लागला.

इकडे गोजराने ओंजळीओंजळीने पाणी खंदकात परतवले. भगदाड लिंपणाने बुजेना, तेव्हा तिने आपला पदर त्यावर पसरला. पदराची भिंत झाली. ते पाहून बाकीच्या बायकांनीही आपापल्या भगदाडांवर पदर पसरले.

वारा आत आला. राजाने श्वास घेतला आणि धूम्रासुराचा शाप तुटला.

भैरोजी निरोप घेऊन आला. पोटात निखारे, आवाज मात्र मऊ. "चल पोरी, महाराज बोलावतात. मागशील ते देणार आहेत."

"त्यांना सांगा, भिंत ओली आहे," गोजरा मागे न वळता म्हणाली. "आणि सेनापती, जरा हळू चाला."