वठलेल्या चिंचेखालची खुर्ची

अंगणवाडीवर झुकलेली चिंच वठून दोन वर्षं झाली, पण नगरपालिकेच्या मोहोळकर साहेबांच्या कागदावर ती अजून हिरवीगार होती. परवानगीवाचून हात लावायची सोय नाही. झाडं तोडणारा सोपान दोर-करवत घेऊन तीन हेलपाटे घालून वैतागला होता.

अखेर साहेब पाहणीला आले आणि रस्त्यापलीकडूनच म्हणाले, "धोका नाही. तसं लिहून देतो."

अंगणवाडीच्या हौसाताईंनी खुर्ची आणून बरोबर चिंचेखाली मांडली. "इथं बसून लिहा, साहेब."

साहेब जागचे हलेनात. "इथंच बरा आहे मी."

"तुम्हाला पाच मिनिटं बसवत नाही," हौसाताई म्हणाल्या, "आमची पोरं रोज तीन तास बसतात."

साहेबांनी तोडायच्या परवानगीवर सही केली, तीही रस्त्यापलीकडूनच.