चढती रेघ आणि आटते तळे

विषय : तळे आटत असल्याने राजसरोवरात राहू देण्याबाबत.
संदर्भ : कासवाचा तोंडी अर्ज.

फार जुनी गोष्ट. प्राण्यांना तेव्हा बोलता येत असे, त्यामुळे ओघानेच त्यांना कचेरीही होती. कासवाने गाऱ्हाणे घातले तेव्हा सिंह म्हणाला, "पाणी किती उतरलं, त्याचा आलेख काढून दाखवा." हे काम मोराकडे गेले, कारण सर्वांत जास्त रंग त्याच्याकडे होते.

पाणी काठापासून किती खाली गेले, ते मोराने दर आठवड्याला मोजले आणि कचेरीच्या भिंतीवर रेघ ओढली. पाणी जसजसे खाली गेले, तसतशी रेघ वर चढली. तिच्याभोवती त्याने पिसाऱ्यातले सगळे डोळे रंगवले. रेघ कशाची, हे लिहायला जागा उरली नाही.

"वा! तळं तर भरत चाललंय," सिंह म्हणाला. "अभिनंदन, कासवराव!"

"महाराज, पण माझी पाठ उघडी पडलीय," कासव गोंधळून म्हणाले.

"पाठ कसली दाखवताय? रेघ बघा!" कारभारी कोल्हा खेकसला.

कासवाने पाहिले. रेघ खरोखरच वर जात होती. क्षणभर त्यालाही वाटले, आपण पाण्यातच असू.

"मोरसाहेब, ही कशाची रेघ, तेवढं खाली लिहाल का?"

"शोभा जाते हो त्याने," मोर म्हणाला.

कासवाच्या पोटाखालचा चिखल तडकू लागला, तेव्हा रेघ छताला टेकली. सिंहाने मोराला शाबासकी दिली आणि भिंत उंच करण्याचा हुकूम काढला. कासवाचा अर्ज विचाराधीन आहे.