करंजाखालच्या राखीव जागा

एका जंगलात ओढ्याकाठी, करंजाच्या झाडांखाली बाजार भरत असे आणि त्या बाजारात एक खार चारोळी विकत असे. काय ते दिवस होते, मुलांनो! सगळे दुकानदार आपापल्या गाड्या टेकाडापलीकडे सोडून, डोक्यावर पाट्या घेऊन चालत येत. करंजाखालची सावली गिऱ्हाइकांच्या गाड्यांना. कासव तिथे गाडी लावून घटकाभर टेके, अस्वलीण सुनेची गाऱ्हाणी सांगे आणि बोलता बोलता खारीची पाटी कधी रिकामी होई, कळतही नसे. मग चारोळीच्या बदल्यात मिळालेलं धान्य घेऊन ती पिल्लांकडे धावे.

एकदा शेजारच्या दुकानातलं मुंगूस म्हणालं, "दुकानं आपली, मग सावली परक्यांची का? गाडी कशी आपल्या दारात पाहिजे!" खारीला ते पटलं. घरी पिल्लं एकटी. टेकाड चढून जाईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागे. "हो बाई, लवकर घरी तरी पोचेन," ती म्हणाली. झालं! सावलीतली जागा दुकानदारांना आणि त्यांच्या गड्यांना राखीव, असा नियम ठरला. राखणीला माकड काठी घेऊन बसलं.

तेव्हापासून करंजाखालचा रस्ता गाड्यांनी नुसता फुलून जाई. पण खारीची चारोळी काही खपेना. 'एवढी गर्दी, आणि माझ्याकडे कुणीच नाही? त्या मुंगसानेच गिऱ्हाईक पळवलं!' ती मनात जळे. चारोळी खवट व्हायला लागली. थंडी तोंडावर आली आणि पिल्लांसाठी घरात दाणा नाही. शेवटी ती तणतणत मुंगसाच्या दुकानात गेली. पाहते तर काय, ते माश्या मारत बसलेलं!

"भाऊ, तुमची गिऱ्हाइकं कुठंयत?"

"ताई, जखमेवर मीठ चोळू नका. ती तुमच्याकडेच असतात ना? तो छकडा कुणाचा मग?"

"अहो, तो माझाच! आणि त्याच्या पलीकडचे?"

"ते... माझ्या गड्यांचे," मुंगूस ओशाळून म्हणालं.

इतक्यात माकड ओरडलं, "ओ कासवआजोबा, जागा राखीव आहे. पुढं व्हा, पुढं!"

"पुढं पुढं करत हल्ली मी ओढ्यापलीकडच्या बाजारात पोचतो, बाबा," कासव म्हणालं. "चारोळी तिथंही मिळते. पण खारीची पिल्लं कशी आहेत, तेवढं विचारून ठेव."

ते ऐकून खारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती धावली, आपला छकडा ओढून बाहेर काढला नि म्हणाली, "आजोबा, लावा इथं गाडी. पिल्लं बरी आहेत, तुमची आठवण काढतात." मुंगसाने आधी गड्यांच्या गाड्या हलवायला लावल्या आणि मग, एक मोठा सुस्कारा सोडून, आपली. हळूहळू जुनी मंडळी परतली. खारीला पुन्हा टेकाड चढावं लागे, घरी पोचायला उशीरही होई. पण त्या थंडीत तिची पिल्लं एकदाही उपाशी झोपली नाहीत.

तात्पर्य : गिऱ्हाइकाची जागा दुकानदारानेच अडवली, तर दारात गाड्या उभ्या राहतात, गिऱ्हाईक नाही.