नदीपलीकडचा धूर

एका नदीच्या दोन काठांवर, समोरासमोरच्या डोंगरउतारांवर दोन गावं होती. गोष्ट कधीची म्हणाल, तर त्या डोंगरांत अजून फोन वाजू लागला नव्हता तेव्हाची. अलीकडच्या गावात घरोघर गोबरगॅस आला होता. अंगणात खड्डा, खड्ड्यात शेणाचा काला आणि चुलीच्या जागी निळी ज्योत. बायकांचा खोकला गेला, भिंती काळ्या होईनात, सरपणासाठी डोंगर चढणं थांबलं. गाव स्वतःवर भलतंच खूश होतं, आणि खूश असायला काही हरकतही नव्हती.

फक्त एका घरातून अजून धूर निघायचा. अगदी वरच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहत होती. तिच्याकडे शेळीशिवाय जनावर नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांनी पाट्या भरभरून शेण आणून तिचाही खड्डा भरला होता आणि शेगडी बसवून दिली होती. म्हातारी ती शेगडी रोज पुसायची, तिला हळदकुंकू वाहायची, आणि पहाटे उठून चूलच पेटवायची. कोणी टोकलं तर कधी म्हणायची, गॅसवर भाकरी फुगत नाही. कधी म्हणायची, वास येतो. बायका म्हणायच्या, म्हातारपणची खोड आहे, दुसरं काय.

नुसती खोड असती तर कोणी फार मनावर घेतलं नसतं. पण धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे आणि त्यातून पाणी गळायचं. धूर थांबला नाही तर उरलीसुरली नजरही जाईल, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं.

गावचा पाटील भला माणूस होता, पण उतावीळ. शेवटची चूल विझली की गावजेवण घालीन, असं तो सगळ्यांसमोर बोलून बसला होता. आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपद लागला, तरी वरच्या टोकाचा धूर काही थांबेना. शेवटी एका दुपारी म्हातारी शेळीमागे रानात गेलेली पाहून तो दोन गडी घेऊन तिच्या घरी गेला. त्यांनी पहारीने चूल फोडली आणि सरपण उचलून नेलं.

म्हातारी परतली तेव्हा चुलीच्या जागी मातीची ढेकळं होती. पाटील दारातच उभा होता.

"मावशी, रागावू नका. तुमच्याच डोळ्यांसाठी केलं," तो म्हणाला.

म्हातारी ढेकळांपाशी बसली. एक ढेकूळ उचलून तिने दुसऱ्याला जोडून पाहिलं. मग हात जोडून म्हणाली, "पाटील, उद्या सकाळपुरती तरी पेटवू द्या."

का, एवढंच पाटलाने विचारायला हवं होतं. माणूस हात जोडतो तेव्हा त्यामागे काहीतरी असतं, हे त्यालाही कळत होतं. पण त्याच्या डोक्यात गावजेवण शिजत होतं. तो म्हणाला, उद्या तुम्ही काही रांधायचंच नाही, पंगत तुमच्याच अंगणात बसेल आणि पहिलं पान तुमचं. एवढं बोलून तो समाधानाने उतार उतरून गेला.

सकाळी म्हातारीने अंगणात पालापाचोळा गोळा करून पेटवायचा प्रयत्न केला. रात्रभरच्या पावसाने तो चिंब होता, काही केल्या पेटला नाही. ती उंबऱ्यावर बसून नदीपलीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने गावकरी आले, मांडवासाठी बांबू उचलू लागले, घराघरांतून पातेली वर येऊ लागली. म्हातारी कोणाशी बोलेना. ती रुसली आहे, असं सगळ्यांना वाटलं.

दिवस बराच वर आला तेव्हा खालून उतार चढत एक बाई धावत येताना दिसली. नखशिखान्त भिजलेली, पायात काही नाही, पदराचं भान नाही. वळणावर येऊन तिने मान वर केली. आईच्या अंगणात सगळं गाव जमलेलं आणि माणसांच्या खांद्यांवर बांबू, एवढं तिला दिसलं. ती समजायचं ते समजली आणि चिखलात मटकन बसली.

मांडवातला गलका एकदम थांबला. म्हातारीला एवढ्या लांबचं धड दिसत नव्हतं, पण रडणं तिने ओळखलं. काठी टाकून ती तशीच खाली गेली.

"सगुणा, अगं मी हाय. बघ की, मी हाय," ती म्हणत राहिली.

ही म्हातारीची लेक. पलीकडच्या गावात, बरोबर समोरच्या उतारावर दिलेली. पावसाळ्याचे चार महिने नदी भरली की येणंजाणं बंद व्हायचं. म्हणून लेकीने लग्नाच्या पहिल्या वर्षापासून नेम धरला होता. पहाटे उठायचं, आईच्या घरावरचा धूर बघायचा, आई उठली एवढं कळलं की कामाला लागायचं. आईही तशीच लेकीच्या घरावरचा धूर बघायची. आज धूर दिसला नाही. तिने वाट पाहिली, मग तान्ह्या मुलाला सासूजवळ ठेवलं आणि वाळल्या भोपळ्यांची सांगड छातीशी धरून भरल्या नदीत उडी घेतली.

हे ऐकून पाटलाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मावशी, हे मला काल का सांगितलं नाही?"

"सांगायचं काय त्यात?" म्हातारी म्हणाली. "आईला लेकीची काळजी वाटती, हे का गावाला सांगायचं असतंय?"

मग तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून जवळ आणलं आणि ती चपापली. लेकीचे डोळे तिच्याच डोळ्यांसारखे लाल होते. विचारल्यावर लेकीने मान खाली घातली. तीही रोज पहाटे चुलीत मुद्दाम ओलं लाकूड घालत होती. आईची नजर कमी झाली आहे, धूर दाट असला तरच तिला दिसेल, म्हणून. त्या धुराने आता तान्हं मूलही खोकू लागलं होतं. आणि पलीकडच्या गावात चूल नको म्हणायची सोयच नव्हती. तिथे गोबरगॅस अजून कोणी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

म्हातारीला रडू आवरेना. दोघी एकमेकींसाठी इतकी वर्षं धूर खात होत्या आणि दोघींनीही एकमेकींना ते कळू दिलं नव्हतं.

पंगत बसली, पण पाटील भरल्या पानावरून उठला. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर त्याने चार पोहणारे गडी सोबत देऊन लेकीला पलीकडे पोचवलं. दुसऱ्या पहाटे तो एकटाच म्हातारीच्या घरी गेला. तिला बाहेर बसवून त्याने स्वतः माती कालवली, चूल पुन्हा घातली आणि ओल्या चुलीतच फुंकणीने जाळ केला. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं, खोकल्याची उबळ आली, तरी छपरातून धूर वर जाईपर्यंत तो हलला नाही. चुलीपुढे बसणं काय असतं, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

मग त्याने गाव गोळा केलं आणि पाऊस उघडला की पलीकडे जाऊन खड्डे खणायचे, असं सांगितलं. कोणीतरी म्हणालं, ते काही आपलं गाव नव्हे.

"नसंल," पाटील म्हणाला. "पण तिथला धूर आपल्याच लेकींच्या डोळ्यांत जातोय."

निम्म्या गावाच्या लेकी पलीकडेच दिलेल्या होत्या.

दिवाळीनंतर अलीकडची माणसं कुदळी घेऊन नदी उतरली. पलीकडच्यांना आधी हे सगळं खोटंच वाटलं, मग तेही पाट्या घेऊन आले. तोवर म्हातारीची चूल रोज कोणी ना कोणी येऊन पेटवून जायचं आणि म्हातारी बाहेर बसायची. लेकीच्या घरी निळी ज्योत लागली त्या दिवशी पाटलाने तालुक्याच्या बाजारातून दिवे आणले. दिवसभर उन्हात ठेवले की अंधारात उजेड देणारे. एक त्याने म्हातारीच्या दारात टांगला आणि एक लेकीकडे धाडला. बाकीचे दिवे पलीकडच्या बायकांनी नेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी दिवा लावून उंबऱ्यावर बसली. तिची नजर काही परत आली नव्हती, पण होती तेवढी टिकली होती. समोर सगळा अंधार होता. तिला धाकधूक वाटू लागली. एवढ्यात समोरच्या उतारावर उजेडाचा एक ठिपका दिसला.

"उठली माझी बाय," म्हातारी म्हणाली.

त्या ठिपक्याशेजारी दुसरा लागला, मग खाली तिसरा, मग बघता बघता उतारभर दिवे लागले. आणि अलीकडच्या गावात, आजवर ज्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं अशा किती तरी आया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

तात्पर्य: कोणाची चूल मोडण्याआधी ती कशासाठी पेटते ते विचारावं, आणि पलीकडच्या काठावर उजेड पोचल्याशिवाय आपलं गाव उजळलं असं म्हणू नये.