जांभळीखालचा उतार

फार पूर्वी एका रानात वणवा पेटला आणि धुरात चितळांचा कळप पांगला. नदीला उतार कुठे आहे, ते फक्त उंच सागावरच्या वानराला दिसत होतं. सगळी चितळं एकदमच त्याला हाका मारू लागली. त्या गलक्यात त्याचं उत्तर कुणालाच ऐकू येईना.

काजळी नावाच्या हरिणीचं पाडस मागे धुरात हरवलं होतं. तरी तीच आधी गप्प झाली, मग ओरडली, "थांबा रे! सागाजवळ असेल त्यानंच विचारा, अन् शेजाऱ्याला सांगा!"

रान शांत झालं. "जांभळीखालून उतरा!" वानराचा निरोप तोंडोतोंडी काजळीपर्यंत आला. पाठीवर ठिणग्या पडत होत्या, पण ती पळाली नाही. धुराकडे वळून तिनं हाक दिली, "जांभळीखालून उतरा!"

धुरातून एका कोवळ्या आवाजानं तोच निरोप आणखी मागे दिला. तो आवाज तिच्या पाडसाचा होता.