नवशीची चूल

हा समोरचा काळा उतार बघा, यावर गवताची काडी उगवत नाही. वर जायचं तर खुशाल जा, पण तिथं चहाबिहा करायला स्टोव्ह पेटवू नका. का ते सांगतो, बसा. मी कमळू, या ठाकरवाडीतला म्हातारा. मागं कॉलेजचे मास्तर आले होते. म्हणाले, हा डोंगर ज्वालामुखीचा, तेव्हा माणूस जन्मालाच आला नव्हता. असेल बुवा. आमचं आम्ही सांगतो.

पायथ्याशी तेव्हा अकरा घरांची वाडी होती म्हणे. एके सकाळी डोंगर घुमायला लागला, माथा लाल झाला. नदीपलीकडे पळायचं ठरलं. पण आमच्यात रीत अशी, की घर सोडताना चुलीवर पाणी ओतायचं नाही. ती आपली आपण विझेपर्यंत कुणीतरी जवळ बसायचं. वाडीतली नवशी नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही पोरींना घेऊन व्हा पुढं. सगळ्यांच्या चुलींपाशी मी बसते." तिचा नवरा पदू दोन्ही लेकी घेऊन निघाला. नको म्हणाला नाही तो.

अकरा ठिकाणी एकटी कुठं बसणार? तिनं घरोघरचा विस्तव खापरात गोळा केला आणि आपल्या चुलीत ओतला. आता बघा, सकाळपर्यंत विस्तव राहावा म्हणून रोज निखारे एकत्र करून राखेखाली झाकणारी बाई ती. एकत्र केलेला विस्तव लवकर विझत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं? पण भीतीनं माणसाचं डोकं चालत नाही. विस्तव विझेना आणि ती उठेना.

दुपारी डोंगर खाली आला. पदूनं पलीकडच्या काठावरून पाहिलं. ओरडला नाही, रडला नाही. लेकींनी विचारलं, आई कुठाय? म्हणाला, "चुलीपाशी बसलीय." पुढं जन्मभर तेवढंच म्हणायचा, असं सांगतात. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. मलाही आता हे सांगताना रडू येत नाही, इतक्यांदा सांगून झालंय. पदूचा राग मात्र येतो.

तिची चूल या उताराच्या काळ्या दगडाखाली अजून विझायचीय, असं आम्ही धरतो. म्हणून तिथं दुसरा विस्तव नेत नाही.

आजही आमच्यातलं कुणी घर सोडून निघालं, की निखारे लांब लांब पसरतात आणि दोघं बसतात. बायको विस्तवाकडे बघते. नवऱ्यानं त्याच्याकडे बघायचंच नाही. त्यानं सारा वेळ डोंगराकडे बघायचं, आणि वेळ आली की विस्तव कितीही धगधगत असो, तिला हाताला धरून उठवायचं.