ओल्या हरभऱ्याचा डोहाळा

एका राज्यात बारा महिने तेरा काळ सगळ्या भाज्या मिळत, आणि तरी माणसं वाळत चालली होती.

त्याचं असं झालं. राणी हंसावलीला दिवस गेले आणि भर वैशाखात तिला ओल्या हरभऱ्याचा डोहाळा लागला. ओला हरभरा पौषातला. राजा पद्मसेनाने चारी दिशांना घोडेस्वार धाडले, ते रिकाम्या हातांनी परतले. राणी कन्येला जन्म देऊन गेली, आणि दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवेना. घाटावर एक मांत्रिक रांजण घेऊन उभा होता. तो म्हणाला, "राजा, पिंड यात टाक. पुन्हा कशालाही 'नाही' म्हणण्याची वेळ तुझ्यावर येणार नाही." दुःखात शहाण्याचीही मती जाते. राजाने पिंड टाकला.

तेव्हापासून रांजणातून हवं ते निघे. श्रावणात कैरी, चैत्रात मटार. शेतकऱ्यांनी नांगर माळ्यावर टाकले. पण त्या अन्नाला चव नव्हती, आणि ते कुणाच्या अंगी लागत नसे. राजकन्या कुमुद सात वर्षांची झाली तरी तीनची दिसे. तिला अंगावर पाजणारी सगुणा आता राजवाड्याचा मुदपाकखाना सांभाळी. सगुणेचं पोटचं लेकरू कधीच गेलं होतं; हे दुसरंही जाणार, हे तिला दिसत होतं. कुमुद मुकाट्याने दोन घास खाई आणि ताट सारी. तिने कधी काही मागितलं नाही.

एके सकाळी मुदपाकखान्याच्या खिडकीत एक कावळा येऊन बसला.

"बाई, राणीची वासना अडली आहे," तो म्हणाला. "रांजणातलं आम्ही शिवत नाही. तीन कामं कर. रांजणातून न आलेलं हरभऱ्याचं बी शोध. ते पेर आणि वाट पाहा. पहिले घाटे जिवंताच्या तोंडी घालू नकोस."

सगुणा चालत सीमेपर्यंत गेली. तिथल्या एका आंधळ्या म्हातारीने राखेत घोळून ठेवलेले मूठभर हरभरे तिच्या ओटीत टाकले. कार्तिकात तिने ते वाड्यामागच्या पडीक जमिनीत पेरले. दव पडलं, पानांवर हरभऱ्याची आंबट आंब धरली. वाट पाहणं सोपं नव्हतं. इकडे घाटे भरत होते आणि तिकडे पोर अंथरुणाला खिळत होती.

पौषात पहिले घाटे सोलले तेव्हा सगुणेचा हात आपसूक कुमुदच्या ओठांपाशी गेला. स्वतःला वैरीण म्हणत तिने तो मागे घेतला आणि ती राजाकडे गेली.

राजा रांजणाच्या तोंडाला कान लावून बसला होता. रोज सांजेला आतून राणीचा आवाज येई, "आणलात का?"

"महाराज, हे राणीसाहेबांच्या पानावर वाढा."

"मग ती विचारायची थांबेल."

"थांबतील."

"विचारते आहे तोवर ती आहे, सगुणे."

"मेलेलं माणूस उपाशी राहिलं तर जित्यांच्या पोटात अन्न ठरत नाही, महाराज. ताईसाहेब उद्याचा दिवस काढणार नाहीत."

राजाने रांजणावरचा कान काढला. मग तो उठला आणि पान स्वतः घेऊन गच्चीवर गेला.

कावळा उतरला, शिवला. खाली रांजण तडकला, आणि आतल्या जिनसांचा भुसा होऊन अंगणभर उडाला. राजाने खापऱ्यांना कान लावून पाहिला. कुणीच काही विचारलं नाही. त्याला वाटलं, आपण दुसऱ्यांदा विधुर झालो.

मांत्रिकाचा पुढे ठावठिकाणा लागला नाही. शेतकरी माळ्यावर नांगर शोधू लागले, आणि बाकीचे हरभरे झाडांवर बियाण्यासाठी राखून ठेवायचे ठरले. फक्त एक ओंजळ सगुणेला मिळाली. तिने सोलाणे जाडसर वाटले, वर लसणाची फोडणी दिली आणि ती आमटी कुमुदला चमच्याने भरवली. कुमुदने तोंड वाकडं केलं, पुन्हा आ केला, आणि शेवटी वाटी बोटाने पुसून घेतली.

"आणखी," ती म्हणाली.

"संपलं, बाळ," राजा म्हणाला.

"उद्या?"

"उद्या नाही. पुढच्या पौषात."

कुमुदने भोकाड पसरलं. अन्नासाठी ती जन्मात पहिल्यांदाच रडत होती. दासी धावल्या, पण राजाने हाताने त्यांना थोपवलं आणि लेकीला मांडीवर घेऊन तो तिचं रडणं ऐकत बसला.